शेवटची ओळ पायांची

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजून पुढे जावं. माझं काही म्हणणं नाही.

पण जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. आज या घडीला ती जळगाव जामोदला, तिच्या आईच्या घरी आहे. तिच्या डाव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

मंजुश्री तिचं नाव.

जागा... जानेफळ, तालुका मेहकर. गावाच्या कडेला, भाजीच्या मळ्याला लागून असलेलं तिचं सासर.

दिवस... गेल्या वर्षीची कोजागिरी. सोमवार होता. इकडे सूर्य मावळत होता आणि समोरून चंद्र वर येत होता.

त्या संध्याकाळी काय झालं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मंजुश्रीचं जमलेलं लग्न एकदा पत्रिका वाटून झाल्यावर मोडलं होतं. मुलाकडच्यांनी साधं कारणही दिलं नाही. तेव्हापासून पोरीचं मन थाऱ्यावर नव्हतं. झोप नाही. छातीत सारखी धडधड. जरा कुणी आवाज चढवला की डोळ्यांत पाणी. वय तिशीला टेकलं आणि मग हर्षलचं स्थळ आलं.

हर्षल बिजवर होता. पहिली बायको राखी तापानं गेली. मूलबाळ नाही. घरी फक्त आई, रुखमाबाई. बारमाही मळा, वांगी, मेथी, टमाटे, शिवाय स्वतःचा टेम्पो. बोलायला कमी, पण वागायला सरळ. आमच्या मावशीला वाटलं, देव पावला.

वैशाखात लग्न झालं.

आमच्याकडे एक रीत आहे. दुसरी म्हणून घरात आलेल्या बाईनं पहिलीचा मान ठेवायचा. पहिलीच्या नावानं चांदीचा छोटा टाक घडवतात, देवघरात बसवतात आणि सणावाराला दुसरी त्याला हळदकुंकू लावते. मंजुश्रीनं पहिल्याच दिवशी देवघर पाहिलं.

टाक नव्हता.

"आई, राखीताईचा टाक कुठी हाय?"

रुखमाबाई वाती वळत होती. "बनवू ना. घाई काय हाय?"

"नाही, मले हळदकुंकू लावाचं होतं..."

"टाक गेलेल्या मानसाचा बनवतेत," रुखमाबाई म्हणाली आणि वाती घेऊन उठून गेली.

मंजुश्रीला वाटलं, सासूचं दुःख अजून ओलं आहे. एवढी मायेची सासू मिळाली म्हणून तिला बरंच वाटलं. भाबडं असावं म्हणजे किती असावं!

नव्या घरातही तिच्या जीवाला स्वस्थता नव्हती. हर्षल जेवला की ओट्यावर जाऊन बसायचा, मळ्याकडे बघत. तिच्याशी कामापुरतं बोलायचा. अंगाला हात म्हणून लावायचा नाही. ती उशीत तोंड घालून रडायची आणि सकाळी डोळ्यांवर पाणी मारून चुलीपुढे बसायची.

श्रावणाच्या तोंडावर एक दिवस तो आपणहून जवळ येऊन बसला.

"मंजू, तुह्या मनाले शांती नाही, मले दिसते. चंद्राचं कवच म्हनत जाय. मनाचा मालक चंद्र असते."

चंद्रकवच तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आपलं एकेक अंग चंद्राच्या हवाली करायचं, हे राख म्हणायचं. आधी डोकं, मग कपाळ, मग डोळे, कान... असं करत खाली पायांपर्यंत. फार चांगलं स्तोत्र आहे. माझी आई म्हणते. दोष स्तोत्राचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

"मले संस्कृत कुठी येते?" मंजुश्री म्हणाली.

"मी शिकवतो ना. एका सोमवारी एक ओळ. मागच्या साऱ्या म्हनाच्या अन् नवी जोडाची."

"अन् संकल्प?"

"तो मी सोडतो तुह्या हातून. तू फक्त हात समोर कर."

दर सोमवारी दिवेलागणीला अंगणात पाट मांडला जाऊ लागला. पुढ्यात ताम्हन. हर्षल तिच्या शेजारी बसायचा. तिचा उजवा तळहात आपल्या तळहातावर घ्यायचा, पळीनं त्यात पाणी घालायचा आणि तोंडातल्या तोंडात नाव, गोत्र पुटपुटायचा. मग हलकेच तिचा हात कलता करायचा. पाणी ताम्हनात पडायचं.

कुणाच्या नावानं पाणी सोडलं, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? म्हणणारी ती, मन तिचं अशांत, तर नाव तिचंच असणार.

आणि खरं सांगायचं तर तिला शब्द नकोच होते. नवऱ्यानं एवढा वेळ हात धरावा, हेच तिला नवीन होतं. ती आठवडाभर सोमवारची वाट बघायची.

पहिली ओळ डोक्याची.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. डोक्यातलं चक्र थांबलं. सकाळी उठली तर घरभर वास... माक्याच्या तेलाचा.

मंजुश्री खोबरेल लावायची. आणि सासूच्या डोक्यावर तेल जिरवण्याएवढे केस उरले नव्हते.

"आई, माक्याचं तेल कोनी लावलं वो?"

रुखमाबाईनं डोळे मिटून लांब श्वास घेतला. हसली. "असंन कुठी."

पुढे डोळ्यांची ओळ आली आणि मंजुश्रीचं रडणं बंद झालं. पाणी येतच नव्हतं. कांदा चिरला तरी नाही. फोनवर मावशी म्हणाली, बाई, तुझा आवाज किती शांत झालाय गं.

पण त्याच आठवड्यापासून तिला वाटायला लागलं की... कुणीतरी बघतंय.

भाजी निवडताना. केस विंचरताना. पाठीमागून.

वळून पाहिलं की स्वयंपाकघराचं दार. अर्धं उघडं.

आत कुणी नाही.

गळ्याची ओळ झाली तेव्हा तिचा आवाज बसला. काढे झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. फरक नाही. आणि एका दुपारी, रुखमाबाई मळ्यात गेलेली असताना, स्वयंपाकघरात कुणीतरी खाकरलं.

बाईचा आवाज होता.

हातांच्या ओळीनंतरची सकाळ तिला नीट आठवते. भाकर उलटताना डावा तळहात तव्याला टेकला. टेकला तो टेकलेलाच राहिला... कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं.

दुखलंच नाही.

हर्षलनं तो हात उलटसुलट करून पाहिला. "दुखते का?"

"नाही."

"चांगलं हाय," तो म्हणाला.

तिला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज ती ते दोन शब्द मला पुन्हा पुन्हा सांगते.

पुढच्या सोमवारी ती अंगणात कवच म्हणत होती. शेजारी हर्षल. समोर रुखमाबाई, हात जोडून. घरातली तिन्ही माणसं अंगणात.

आणि आतून आवाज आला...

थप. थप... थप.

कुणीतरी भाकर थापत होतं.

मंजुश्री अडखळली. हर्षलची बोटं तिच्या मनगटावर आवळली. "मधात थांबू नको. म्हन."

तिनं म्हटलं. सगळं संपवून ती आत गेली. चुलीत निखारे होते. टोपल्यात भाकरी, वाफाळलेल्या. त्यांच्यावर बोटांचे ठसे होते, बारीक आणि एकसारखे.

रुखमाबाईनं एक भाकर मोडून तोंडात घातली आणि पदरानं डोळे टिपले. "किती दिसानं अशी भाकर भेटली बाप्पा."

"आई... कोनी केली?"

"चंद्राची किरपा हाय. खाय तू बी."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या झुंबरबाईनं कुंपणावरून हाक मारली. "मंजुश्री, भाकरीले बाई ठेवली का वो? तू त अंगनात बसेल होती. मंग आत कोन थापत होतं?"

"काकू... तुमाले बी ऐकू आलं?"

झुंबरबाईचा चेहरा उतरला. इकडे तिकडे बघून ती हळूच म्हणाली, "राखीचा हात असाच होता. दोन थापा जोरात अन् तिसरी हलकी." मग लगेच मान हलवली. "जाऊ दे. म्हातारपन हाय माहं. काहीबी ऐकू येते."

मंजुश्रीला घाबरायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण तोवर छातीची ओळ झाली होती. धडधड थांबली होती. भीती कुठून येते ती जागाच गार पडली होती. हीच ती मनाची शांती, असं तिनं स्वतःला समजावलं.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती.

घरात सगळे आवाज यायचे. खाकरणं, थापणं, भांड्यांची खळखळ, बांगड्या...

चालण्याचा आवाज मात्र कधीच नाही.

जे काही होतं ते चुलीपाशी होतं. एका जागी बसलेलं.

कोजागिरीच्या सकाळी हर्षलनं तिला शेवटची ओळ शिकवली. पायांची. तो त्या दिवशी एवढा खुशीत होता की शीळ घालत होता. त्याच्या खिशात गुलाबी कागदाची पुडी होती. शर्ट टांगताना मंजुश्रीनं उघडून पाहिली. नवीकोरी चांदीची पैंजणं! तिनं पुडी होती तशी ठेवली. आज कवच पूर्ण झालं की तो आपल्या पायांत घालणार, हे तिनं मनाशी धरलं.

तो भाजी घेऊन मेहकरला गेला आणि येताना टेम्पो पंक्चर झाला. फोन आला.

"मंजू, मी येऊन राह्यलो. तोवर थांब. एकटी संकल्प सोडू नको."

"चंद्र वर येऊन राह्यला ना."

"सोडू नको म्हनतो ना!" त्याचा आवाज कापत होता.

तिला वाटलं, किती काळजी करतो आपली.

रुखमाबाई फाटकापाशी उभी राहून रस्ता बघत होती. मळ्यावर चंद्र चढत होता, मोठा आणि पिवळसर. कोजागिरी, त्यात सोमवार. वेळ टळली तर हर्षल हिरमुसेल, असं मंजुश्रीच्या मनात आलं. आपणच करून ठेवू. आल्यावर सांगू, झालं पूर्ण.

तिनं डाव्या हातात पळी घेतली. उजव्या तळहातावर पाणी घातलं. सासरचं गोत्र म्हटलं आणि पुढे नाव घेतलं. मंजुश्री.

पाणी सोडलं.

आत चाललेलं थापणं... थांबलं.

तिनं डोक्याची ओळ म्हटली आणि बंद असलेलं विचारांचं चक्र एकदम सुरू झालं. कपाळाची म्हटली, दरदरून घाम फुटला. डोळ्यांची म्हटली...

आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. श्रावणापासून साचलेलं सगळं.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं.

मग एक बाईचा आवाज आला. घाबरलेला.

"आई... दिवा काऊन इझवला?"

दिवा जळत होता. मंजुश्रीला तो अंगणातून दिसत होता.

रुखमाबाई फाटकापासून धावत आली. तिनं लाथेनं ताम्हन उडवलं आणि मंजुश्रीच्या तोंडावर हात दाबला. "कोनाचं नाव घेतलं? सटवे, कोनाच्या नावानं पानी सोडलं तू?"

मंजुश्रीनं तो हात झटकला. "माह्या! मंग कोनाच्या नावानं सोडाचं?"

म्हातारीची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आणि त्या बघण्यातून मंजुश्रीला सगळं कळलं. देवघरात टाक का नाही. दर सोमवारी तो तोंडातल्या तोंडात काय पुटपुटायचा. "चांगलं हाय" का म्हणाला.

टेम्पोचा आवाज आला. हर्षल तो चालूच ठेवून उतरला आणि पळत तिच्या बाजूनं पुढे गेला. तिच्याकडे एकदाही न बघता. स्वयंपाकघराच्या दारात तो गुडघ्यांवर बसला. पुडी फाटून पैंजणं फरशीवर सांडली.

"राखी, मी आलो ना. इकडं पाह्य. माह्याकडं पाह्य."

"कुठी हायेस तू? मले दिसून नाही राह्यलं..."

मंजुश्री दारापर्यंत गेली. चुलीपाशी तिनं काय पाहिलं ते ती पूर्ण सांगत नाही. एवढंच सांगते.

"तिचे हात माहे होते. डाव्या तळव्यावर डाग होता."

तिला तेव्हाही भीती वाटली नाही. डोकं जागं झालं होतं, आणि पहिला विचार आला तो लाजेचा. आठवडाभर आपण त्या हाताची वाट बघायचो. त्यानं हात धरला तो आपला म्हणून धरलाच नव्हता. पाणी सांडू नये म्हणून धरला होता.

हर्षलनं मान वळवली. तो रडत होता. "सारं तं झालं होतं मंजू. पायच राह्यले होते."

पाय. ते अजून मंजुश्रीचेच होते.

तिनं दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि निघाली. कुणी अडवलं नाही. गावात घरोघरी दूध आटत होतं. झुंबरबाईनं तिला रात्रभर आपल्या घरी ठेवून घेतलं, एका शब्दानं काही न विचारता. सकाळच्या गाडीनं ती निघाली.

जळगावला आल्यावर आम्ही डॉक्टर केले. सगळे रिपोर्ट चांगले. सुई टोचली तर हाताला कळत नाही, पण रिपोर्ट चांगले. शेगावला एका जाणत्या गुरुजींकडे नेलं. ते म्हणाले, "कवच कुणाचं वाईट करत नाही. ज्याच्या नावानं पाणी सोडलं, त्याचं राखलं. आता पुन्हा आपल्या नावानं म्हणा."

ती म्हणायला बसते. कानांपर्यंत जाते. गळ्याची ओळ आली की...

ओठ हलतात. आवाज येत नाही.

फाल्गुनात हर्षल आला. मी तिथंच होतो. फाटकाबाहेर उभा राहिला. वाळून काटकी झाला होता. मंजुश्री बाहेर गेली. छातीत तिला काही वाटलं नसेल, पण डोळे तिचे तिला परत मिळालेत ना... ते भरून आले.

"न्याले आले का मले?"

तो तिच्या पायांकडे बघत होता.

"ती आंधारात बसून राहते मंजू. चुलीपाशी. दिसत नाही, उठता येत नाही. रातदिवस हाका मारते. मी म्हनून पाह्यलं, आईनं म्हनून पाह्यलं. लागत नाही. तुह्या तोंडूनच लागते. फक्त एक ओळ म्हन..."

"अन् मी?"

"तू तं धडधाकट हायेस. चालून फिरून राह्यली."

मी त्याची गचांडी धरायला पुढे झालो. मंजुश्रीनं मला हातानं मागं सारलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा... मला आयुष्यभर तो विसरता येणार नाही. "लगनात बी तुमी माह्या तोंडाकडं पाह्यलं नोतं," ती म्हणाली. "मीच लाजरे समजली तुमाले."

आम्ही आत आलो. दार लावलं. तो बराच वेळ बाहेर होता, मग गेला.

संध्याकाळी मावशीनं विचारलं, "मंजू, तुह्या चपला कुठी गेल्या वो?"

उंबऱ्याबाहेर माझे बूट होते. मावशीच्या चपला होत्या.

तिच्या नव्हत्या.

तेव्हापासून ती पायांत काही घालत नाही. मी नव्या चपला आणून दिल्या, त्या खोक्यात तशाच आहेत. अनवाणी अंगणात फिरते, अनवाणी किराणा आणायला जाते. लोक बघतात. "जमीन लागली पाहिजे पायाले," म्हणते. "लागते तोवर माहे आहेत."

पंधरवड्यापूर्वी झुंबरबाईचा मावशीला फोन आला होता. राम राम, बरं आहे का, झालं. मग म्हणाली, रुखमाबाईच्या घरात आता चालल्याचा आवाज येतो. बारीक, चपला घासल्याचा... कुणी भिंत धरून चालत असल्यासारखा.

हे मावशीनं मंजुश्रीला सांगितलं नाही. मला सांगितलं.

परवा मी जळगावला गेलो. वैशाखाचं ऊन, भर दुपार. फरशीवर पाणी पडलं तर चर्र होईल अशी. मंजुश्री अंगणात उभी होती, अनवाणी. मी सावलीतून ओरडलो, ताई, आत ये, पाय भाजतील.

तिनं खाली पायांकडे पाहिलं. मग तिनं आधी एक पाय उचलून ठेवला. मग दुसरा.

आणि घोगऱ्या आवाजात मला विचारलं...

"आज जमीन थंडी हाय का रे?"